एदेल्मिराचा पांढरा झेंडा

काताकाओस गावात परक्या माणसाने विचारावे, चांगले आणि स्वस्त जेवण कुठे मिळेल, तर कोणी घराचे नाव सांगत नाही. बोट वर जाते. "पांढरा झेंडा बघा!" ज्या दारावरच्या बांबूला पांढरे फडके, त्या घरात चूल पेटलेली, चिचा म्हणजे मक्याची दारू आंबून तयार, हंडा भरलेला. हंडा आटला की झेंडा खाली. हा करार कोणी कागदावर लिहिला नाही; वाढणाऱ्यांनी आणि भुकेल्यांनी तो पिढ्यान्‌पिढ्या पाळला.

त्या मंगळवारी एदेल्मिरा चिरोकेने झेंडा सकाळी दहालाच चढवला, आणि हंड्यात तेव्हा नुसते पाणी होते.

लोभाने का? नाही हो, भरवशाने! बंदरावरची मासळीची गाडी एकतीस वर्षे तिच्या दारी येत होती. आज उशीर झाला, येईल, असे तिने धरले. पण समुद्र खवळला होता. गाडी आलीच नाही. बाजार पालथा घातला तेव्हा सहा ताटांपुरते ताजे मासे हाती लागले; बाकी चुलीवर नुसता वाल-भात.

आणि एक वाजता रोसेंदोची बस यायची होती. हमरस्त्यावर नवे हॉटेल उघडल्यापासून तिची बाके ओस पडली होती. हा महिना असाच गेला तर चूल कायमची विझणार होती. रोसेंदो ड्रायव्हरने स्पष्ट सांगितले होते, "मावशी, मंगळवारी मासे खायला बावीस जण आणतो. खूश झाले तर रोज तुझ्याकडे. नाही तर हॉटेलवाला मला फुकट जेवू घालायला बसलाच आहे. झेंडा दिसला तरच थांबेन बरं!"

साडेबारा वाजले. शेजारची फिलोमेना बादली घेऊन आत आली. तीत रविवारचे मासे होते.

"अगं, लिंबू पिळ, मिरची घाल सणसणीत. आठ सोलच्या ताटात काय बिशपची पंगत हवी त्यांना?"

"आणि वास?"

"तीन तास बसमध्ये बसून नाकं मेली असतील त्यांची!"

एदेल्मिराने सुरी घेतली. एका माशाचे खवले उतरवले. त्याचा डोळा दुधासारखा पांढरट पडला होता. भिंतीवर हात बांधलेल्या बंदिवान प्रभूची तसबीर होती. तिकडे पाहण्याचा तिला धीर होईना. अन्न म्हणजे काय हो? परक्याने परक्यावर डोळे मिटून टाकलेला विश्वास! त्यात विष कालवायचे, की आपली चूल आपल्या हाताने विझवायची?

गल्लीच्या तोंडाशी हॉर्न वाजला.

तिने सुरी टाकली, धावत बाहेर आली आणि बसच्या नाकासमोर झेंड्याची दोरी ओढली.

रोसेंदो खिडकीतून ओरडला, "मावशी, डोकं फिरलं का तुझं? मी माणसं आणतोय आणि तू झेंडा उतरवतेस?"

"मासे सहाजणांपुरते आहेत, रोसेंदो." तिने दोरी हातात धरूनच सांगितले. "बाकीच्यांना वाल, भात आणि तळलेली केळी. निम्म्या पैशांत. मासळी यायच्या आधीच झेंडा लावला, ती चूक माझी."

इंजिन धडधडत राहिले. मागून कोणी म्हणाले, "चला हो हॉटेलात!" रोसेंदोचा हात गिअरवर गेला. एदेल्मिरा रस्त्यातून बाजूला सरकली.

तेवढ्यात टोप्या विणणारा, बोळक्या तोंडाचा एक म्हातारा काठी टेकत बसच्या दारातून उतरला. "तिकडं वीस सोल घेतात, आणि मासा कधीचा ते देवालाही सांगत नाहीत. ही बाई न विचारता सांगतेय! पण ती माशांची सहा ताटं कुणाला गं, पोरी?"

"लेकरांना. आणि दात नसलेल्यांना."

"मग मला दोन वाढ!"

बस हसली. पंधरा जण उतरले. सात जण रुसून आतच बिस्किटे चघळत बसले, आणि त्यांचा रुसवा शेवटपर्यंत गेला नाही.

रोसेंदोने वाल-भात संपवला, चिचेचे वाडगे रिते केले. एदेल्मिरा समोर उभी होती, एप्रनचे टोक बोटांभोवती गुंडाळत.

"उद्यापासून अकराला फोन करीन," तो उठत म्हणाला. "हंड्यात काय आहे ते असंच सांगायचं. त्या हिशेबानं माणसं आणतो."

तिने त्याच्या वाडग्यात आणखी चिचा ओतली.

"अगं मावशी, बस चालवायचीय मला!"