घोड्यांची सरळ ओळ

गिटार मांडीवर घेतली, बाराव्या पडद्यावर बोट ठेवून तार छेडली आणि माझं डोकंच सणकलं. मोकळ्या तारा चोख लागलेल्या होत्या, पण त्याच तारा वर दाबल्या की सूर चढा. जाड तारा तर कानाला टोचत होत्या. खाली वाकून पाहिलं. माझ्या इलेक्ट्रिक गिटारला तारा अडकवायचा हलणारा ब्रिज आहे, दांडी दाबली की सूर लहरतो तसला. त्यावर सहा तारांखाली सहा छोट्या घोड्या असतात, मागेपुढे सरकवलेल्या. त्या सहाही कुणीतरी एका ओळीत आणून ठेवल्या होत्या, अगदी पट्टी लावल्यासारख्या.

घरात आम्ही दोघंच. म्हणजे हे काम बाबांचं.

आई गेल्यावर मी त्यांना दुसरबीडहून बुलढाण्याला आणलं होतं. वावर बटईनं, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, कसायला दिलं, घराला कुलूप लावलं. मी एकुलती एक, तरी लेकीच्या घरी बापानं मुक्काम ठोकू नये ही त्यांची समजूत हलायला तयार नव्हती. रोज जेवताना म्हणायचे, येत्या रविवारी जातो. मी तो रविवार पुढे ढकलत राहायची. फुकटचं खातोय असं वाटू नये म्हणून ते घरभर काहीबाही दुरुस्त करत फिरायचे. दाराची कडी झाली, मोरीचा नळ झाला, आता माझी गिटार.

"पाह्य आता ओळ कशी दिसते," ते कौतुकानं म्हणाले. "वाकडंच होतं सारं. आपल्या वावरात असं तास निघालं असतं तं लोकायनं सालभर नाव ठेवलं असतं."

रस्त्याकडच्या वावरात पेरणीची ओळ जरा वाकडी गेली तर पीक निघेपर्यंत येणारे-जाणारे बोलतात, हे मला लहानपणापासून माहीत. बाबांची ओळ कधी वाकडी गेली नाही आणि त्याचा त्यांना केवढा तोरा. पण माझा राग नाकाच्या शेंड्यावर. त्यांना काय नडलं होतं हात लावायला, असं मी फाडकन बोलून गेले. ते आत जाऊन पिशवी भरू लागले, आणि तिथूनच सांगितलं की उद्या सकाळच्या गाडीनं निघतो.

मी गिटार घेऊन तशीच बसले. मग हाक मारली. म्हटलं, बिघडवलंत तुम्ही, आता नीट करायलाही बसा. मला तुमचा कान पाहिजे. गावच्या भजनी मंडळात ते वर्षानुवर्षं पेटीवर बसत, खोटा सूर त्यांना पायात काटा घुसावा तसा कळतो. आले, पण तोंड फुगवूनच.

मी तार सैल करायची, मागचा स्क्रू फिरवून घोडी जराशी मागे घ्यायची, तार पुन्हा लावायची आणि मोकळा सूर व बाराव्या पडद्यावरचा सूर असे पाठोपाठ वाजवायची. ते डोळे मिटून ऐकायचे आणि म्हणायचे, अजून चढा आहे. जाड तारेला जास्त लांबी लागते, म्हणून तिची घोडी मागे, हे सांगितलं तेव्हा त्यांचा फुगा जरा उतरला. त्यातून हा ब्रिज मागच्या स्प्रिंगांवर तरंगतो. एक तार ओढली की बाकीच्या उतरतात. पुन्हा पहिलीपासून. बाबा वैतागले नाहीत. उलट रंगले. चहा निवला, उन्हं उतरली, आणि मला ते इतके आवडत होते की काम संपूच नये असं वाटत होतं.

शेवटी सगळ्या तारा खऱ्या बोलल्या. घोड्या पुन्हा वाकड्यातिकड्या. बाबांनी पेचकस पुसून ठेवला आणि माझ्याकडे बघत विचारलं, "मोबाइलवर दिसते म्हणे सूर लागला का नाई ते."

"दिसतं."

"मंग मले काऊन बसवलं दुपारभर?"

थाप मारता आली असती. पण मारवेना. "तुम्ही जाऊ नये म्हणून," मी म्हटलं. "आई माझीपण गेलीय, बाबा. मी एकटी काय करू इथं?"

मला रडू येत होतं आणि ते लपवायला मी उगाच तारा पुसत होते. मग त्यांनी खिशातून फोन काढला आणि आमचं वावर करणाऱ्याला लावला. सोयाबीनची पोती ठेवायला त्याला जागा नव्हती, हे मला त्या बोलण्यातूनच कळलं.

"शेजारी किल्ली हाय, कुलूप काढ अन् माह्या घरातच टाक पोते," बाबा त्याला म्हणाले. "नाई, माह्यासाठी खोली रिकामी नको ठेवू. मी आता लेकीच्या घरी राह्यतो."