शाळेतला राजा

दिवाळीच्या सुट्टीनंतर मी तोंडवलीजवळच्या एका शाळेत मराठी शिकवायला लागलो, तेव्हा मुंबईत माझा थोरला भाऊ माझ्यासाठी एका कचेरीत जागा अडवून बसला होता. माझं शिक्षण त्यानेच केलं होतं. त्याला म्हटलं, वर्ष संपेपर्यंत बघतो. जमलं नाही तर येतो. ही अट मी त्याला बरं वाटावं म्हणून घातली, पण हळूहळू ती माझ्याच गळ्याशी आली.

कारण सातवीचा वर्ग बोलतच नव्हता. मला वाटत होतं, ही पोरं मनातलं सगळं मराठीत मांडतील, वाद घालतील, गोष्टी रचतील. त्या आशेने मी सकाळी धावतच शाळेत जायचो. आणि प्रश्न विचारला की तीस माना खाली. पुस्तकातली भाषा त्यांना परक्याच्या घरासारखी वाटे. मालवणीत बोलावं तर गुरुजी काय म्हणतील ही भीती.

मग जत्रांचे दिवस आले, गावोगावी रात्री दशावताराची नाटकं होऊ लागली. एका दुपारच्या सुट्टीत शाळेच्या अंगणात पोरांचा दशावतार रंगला होता. कधीही तोंड न उघडणारी एक मुलगी कमरेला टॉवेल गुंडाळून राजा झाली होती.

"राजा बाईमाणूस कसो होतलो गो?" एकजण ओरडला.

"जत्रेत बापये साडी नेसतत ता चलता? मग मी राजा कित्याक नको?"

आणि लगेच छाती काढून, स्वच्छ मराठीत: "प्रधानजी, आमच्या राज्यात कोणी दुःखी तर नाही ना?"

मी जागच्या जागी उभा राहिलो. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात. गोष्ट ठरते, बोलणं ज्याचं त्याने उभ्या उभ्या रचायचं. राजा शुद्ध बोलतो आणि संकासुर, त्यातला विनोदी राक्षस, मालवणीत त्याची फिरकी घेतो. म्हणजे दोन्ही भाषा पोरांपाशी होत्या!

दुसऱ्या दिवशी मी पुस्तकं मिटायला लावली. दुष्काळातल्या राजाचा धडा होता. गोष्ट सांगितली आणि म्हटलं, आता उभे राहा.

"प्रजाजनहो, आम्ही विहीर खोदली आहे," राजा झालेली तीच मुलगी म्हणाली.

"राजानू, बावडेक दोरी खंय आसा? पाणी काय आपसूक वर येतला?" संकासुर झालेल्या पोराने विचारलं. वर्गात हशा पिकला.

तेवढ्यात दारात मोठे गुरुजी, आमचे मुख्याध्यापक. "काय गोंधळ आसा रे हो?"

माझी नोकरी कच्ची होती. पण ते आत आले, टोपी काढली आणि हात जोडले. "महाराज, आमचीही एक तक्रार आहे."

मुलगी जराही बिचकली नाही. "बोला. आमच्या दरबारात निर्भयपणे बोला."

ती हे आमच्या मोठ्या गुरुजींना सांगत होती! मला हसू आवरेना, आणि डोळेही भरून आले.

शाळा सुटताच मी पोस्टात जाऊन भावाला लिहिलं, ती जागा दुसऱ्याला दे. तू दुखावशील हे मला ठाऊक आहे, असंही लिहिलं. ते खरंच होतं आणि अजूनही मला बोचतं. पण कार्ड पेटीत टाकून परतताना मी इतका भरभर चालत होतो, की कोणी हाक मारली असती तरी ऐकू आली नसती. उद्या माझ्या सहावीच्या वर्गातही हाच खेळ मांडायचा, तिथे कोणाला राजा करायचं, एवढंच डोक्यात होतं.