पोट बिघडलंय, असं मीच शिकवलं होतं

कम्युनिटीवरच्या मैत्रिणींनो, आज घरी जे झालं ते सांगते.

आम्ही प्रताप नगरला राहतो. मी विमा कंपनीत आहे. आज नवऱ्याला सुट्टी होती. मी ऑफिसला गेल्यावर आमच्या तेरा वर्षांच्या मुलीला पाळी आली आणि पोटात कळा सुरू झाल्या. बाबांनी विचारलं तर "पोट बिघडलंय" म्हणायचं, हे मीच तिला शिकवून ठेवलेलं. ती तसंच म्हणाली.

नवऱ्याने मनापासून उपचार केले. दह्यातून इसबगोल दिलं आणि वर दिवसभर लंघन. संध्याकाळी मी आले तेव्हा पोर कळांनी आणि भुकेने अर्धी झाली होती.

गरम पाण्याची पिशवी भरून मी तिच्या ओटीपोटावर ठेवली. ओवा आणि गूळ उकळून ते पाणी पाजलं, मग तूप घालून मऊ खिचडी दिली. तासाभरात ती उठून बसली. आता नवऱ्याला खरं सांगणं भाग होतं.

तो म्हणाला, "मग सकाळीच सांगायचं ना. आमच्या ताईला वीट तापवून, फडक्यात गुंडाळून मीच द्यायचो."

पंधरा वर्षांच्या संसारात हे मला माहीत नव्हतं. मी कधी विषयच काढला नव्हता.

मुलगी ऐकत होती. म्हणाली, "मम्मी, मतलब पुढच्या महिन्यात बाबांना काय सांगू?"

"पाळी आली, असं सांग."

त्याच्यासमोर हा शब्द मीसुद्धा आज पहिल्यांदाच उच्चारला. तुमच्या घरी मुली काय सांगतात?