सरळ रेघांचे पंधरा दिवस

सगुणकाकाला वाकडं काही खपत नसे. भिंतीवरचं कॅलेंडर, मेजावरचं फडकं, देवापुढली समई, येता-जाता बोटानं सगळं सरळ करायचा. शेवंतीकाकी ते मुद्दाम पुन्हा तिरकं करायची आणि म्हणायची, "आता माका सरळ कर बघू!"

काकी मोरजीची. मुळगावात आमच्या घरी वीस वर्षं काढली तरी तिची पेडण्याकडची बोली सुटली नाही. वाक्याचं शेवटचं टोक ती झोपाळ्यासारखं वर नेऊन सोडायची. मला ते हुबेहूब यायचं. गणपतीत चवथीला सगळे जमले की फर्माईश ठरलेली, "काकी काढ गो!" आणि सगळ्यांत जास्त हसायची ती काकीच.

काका आधी शिरगावच्या एका खाणीवर मोजणीच्या माणसांबरोबर होता. लाल-पांढरी काठी धरून उभं राहायचं आणि दुर्बिणीतून बघणारा हात हलवील तशी ती सरकवायची. पुढे दुर्बीणही त्याच्या हातात आली. २०१२ साली खाणी बंद पडल्या, अंगणाअंगणांत ट्रक गंजायला लागले, आणि काका दूर दक्षिणेत एका प्रयोगशाळेत लागला. तिथं दुमजली घराएवढं एक यंत्र होतं. लोखंडाचे जाड पत्रे एकावर एक, आणि दोन पत्र्यांच्या मध्ये दरवाजाएवढी चपटी काचेची पेटी, आत वायू. आभाळातून बारीक कण सारखे पडत असतात म्हणे. छपरातून, आपल्यातून आरपार जातात. कण पेटीतून गेला की पेटी खूण करते, इथून गेला. बारा पेट्या, बारा ठिपके. ठिपके जोडले की कणाची वाट मिळते.

"आभाळातून पडता ता मोजूक तुका ठेवलो?" तो पहिल्या सुट्टीला घरी आला तेव्हा काकी म्हणाली. "आणि नळाचा पाणी कधी येता ता विचारल्यार म्हायत नाय!"

"कण मोजणारे वेगळे गो. मी पेट्या जागेवर आहेत की नाहीत ते बघतो."

त्यानं दारावर पाव विकणाऱ्या पदेराकडून नुकतेच घेतलेले चार उंडे मेजावर ओळीत मांडले आणि काकीची विणायची सुई चारही पावांतून आरपार घातली. मग सुई काढून तिसरा पाव जरासा सरकवला.

"आता भोकं जुळतात काय? नाही. सुई तर सरळच गेली होती. म्हणजे पाव सरकला. किती सरकला ते काढायचं, केसाएवढं असलं तरी, आणि वहीत लिहायचं."

"खावचे पाव भोसकलंस रे मेल्या!"

"आणि एखादं भोक भलतीकडेच पडलं तर?" मी विचारलं.

"ते टाकायचं. गोंगाट तो. यंत्रसुद्धा कधीकधी थापा मारतं, आपल्या दत्तारामासारखं."

दत्ताराम आमचा शेजारी. एकदा त्यानं कुळागरात वाघ बघितला होता. गावातले दहा जण दांडे घेऊन गेले, तर सुपारीच्या झाडाला बांधलेलं वासरू.

"आणि सगळेच पाव एकदम सरकले तर?" काकीनं चिडवायला विचारलं.

काकानं मात्र चारही पाव एकदम सरकवून पाहिले. मग म्हणाला, "मग कळत नाही. सगळी भोकं एकमेकांशी जुळतात, सगळं बरोबर दिसतं. म्हणून बाहेरची एक खूण लागते. खाणीत कशी खड्ड्याबाहेरच्या धोंड्यावर असायची, तशी."

त्या यंत्राला मोठं चुंबक होतं. चुंबक चालू असलं की कणांच्या वाटा वाकतात. वर्षातून एकदा, जानेवारीत, पंधरा दिवस ते बंद ठेवत. तेव्हा रेघा सरळ. पेट्या तपासायच्या त्या त्याच पंधरा दिवसांत. ते हुकले तर वर्षभराचं मोजमाप तिरकं. काका त्याला 'माझी जत्रा' म्हणायचा.

२०१५च्या डिसेंबरात काकीच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टरांनी सहा महिने सांगितले. काकीनं बाबांना, आईला आणि मला समोर बसवलं.

"तेची जत्रा होवंदेत. पंधरा दिवस. मगे सांगूया."

"अगो, पण त्याला कळल्यावर..." आई म्हणाली.

"विनोदिनी, माझी शपथ आसा. पित्त जाला म्हणान सांगायचा. सगळ्यांनी तसाच."

काय सांगायचं ते ठरलं. पित्त झालंय, दुसरं काही नाही.

जानेवारीत तिकडे काकाची जत्रा सुरू झाली. तो रोज तिन्हीसांजेला फोन करायचा. पहिले तीन-चार दिवस काकी स्वतः बोलली. मग तिचा आवाज बसला, नुसता वारा यायला लागला. फोन वाजला तेव्हा तिनं तो माझ्या हातात दिला आणि खुणेनं सांगितलं, तू बोल. मी नाही म्हणून मान हलवली. ती कुजबुजली, "माझ्यापरास बरी बोलतंस तू माझी बोली."

मी फोन कानाला लावला आणि झोपाळा सोडला. "जेवलास काय रे? पावार रावू नको हां. मी बरी आसंय. पित्त जाला, दुसरा काय नाय."

"बरं, बरं," काका म्हणाला. "पेट्या छान जुळतायत गो या वर्षी."

"नळाचा पाणी येवंक नाय, ता कोण जुळवतलो?"

काकी तोंडावर हात दाबून गदगदा हलत होती. मलाही हसू आवरेना, म्हणून मी फटकन फोन बंद केला. आम्ही दोघी हसून हसून उशीवर पडलो. नंतर मी रोज तसंच करू लागले. बोलायचं, आणि हसू फुटायच्या आत बंद करायचं.

सातव्या दिवशी दत्तारामानं आम्हाला न विचारता काकाला फोन केला. "सगुण, शेवंती सुकली रे. ये." काकानं लगेच बाबांना विचारलं. पित्त. आईला विचारलं. पित्त. मग काकीला, म्हणजे मला. मी म्हटलं, "दत्तारामान परत वाघ बघलो मरे!" काका खूप हसला.

अकराव्या दिवशी सकाळी काकी गेली. काका दुसऱ्या दिवशी दुपारी पोचला. तोंड तेवढं बघायला मिळालं.

तो आमच्याशी एक शब्द बोलला नाही. बारा दिवस जाऊन दत्तारामाच्या सोप्यावर बसायचा. दत्ताराम रडायचा, काका त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून असायचा. तेराव्यानंतर तो आमच्या घरात येऊन बसला, मी चहा घेऊन गेले तेव्हा त्यानं कपाकडे बघतच विचारलं, "तू होतीस काय गो?"

"हो."

"ती कधी फोन आधी ठेवायची नाही. मी ठेवीपर्यंत धरून असायची. तीन वर्षांत एकदाही नाही. आणि त्या आठवड्यात रोज तिकडून कट." त्यानं कप बशीत ठेवला. "दोन ठिपके बाहेर पडत होते. दत्ताराम आणि हा फोन. मी दोन्ही टाकले. बाकीचे सगळे इतके छान जुळत होते..."

मी म्हटलं, "काका, तिनंच सांगितलं होतं."

"माहीत आहे," तो म्हणाला. भिंतीवरचं कॅलेंडर तिरकं होतं, काकीनं केलेलं. त्यानं हात लावला नाही.

त्यानंतर मी कुणाचाच आवाज काढला नाही. चवथीला कुणी मागितलाही नाही.

यंदा जानेवारीत तिन्हीसांजेला फोन वाजला. मागे यंत्राची घरघर ऐकू येत होती. काका म्हणाला, "चुंबक आज बंद केलं." मग, "शेवंती आहे काय गो?"

बाबा जनेलातून बाहेर बघत उभे होते, त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि तोंड फिरवलं.

"जेवलास काय रे?" मी म्हटलं. झोपाळा नीट वर गेला नाही. "पावार रावू नको हां."

"नाही राहत."

मी फोन ठेवला नाही, कानाशी धरून राहिले. त्यानंही ठेवला नाही.