हलव्याचं मंगळसूत्र

बाबा आषाढात गेले. माझं लग्न आधीच ठरलेलं होतं. वर्षाच्या आत व्हायला हवं म्हणून मार्गशीर्षात, वाजंत्र्यांशिवाय, उरकून टाकलं. कोपरीची मी डोंबिवलीची झाले आणि महिन्याभरात संक्रांत आली. लग्नानंतरची पहिली. काळी चंद्रकळा आणि अंगभर हलव्याचे दागिने. त्या वर्षाने आमच्या घराची पार रया घालवली होती, तरी मला नटायचं होतं. त्याची तेव्हाही लाज वाटली नाही, आजही वाटत नाही.

आमच्या आळीतल्या प्रत्येक नव्या नवरीचे दागिने आईच्या हातचे. थंडी पडली की ती पहाटे शेगडीपाशी बसे. मंद निखाऱ्यांवर परात, परातीत खसखस, आणि वरून थोडा थोडा पाक. बोटांनी हलवत राहायचं, भाजलं तरी. पहिला दाणा बाबांच्या तळहातावर ठेवून ती विचारायची, "काटा आलाय का हो?" बाबा चष्मा लावून तो निरखायचे आणि म्हणायचे, "आलाय. पण तुझ्या जिभेइतका नाही." दरवर्षी हेच, आणि दरवर्षी ती हसायची.

माझे दागिने तीच करणार हे मी लहानपणापासून धरून चालले होते. सासूबाई म्हणाल्या, "पहिला सण आहे, सवाष्णीच्या हातचेच हवेत." त्या वाईट नव्हत्या. तेव्हा सगळे तसंच म्हणत. मला मात्र असा संताप आला की तो अजून उतरलेला नाही. ज्या हातांनी सगळी आळी नटवली, ते सहा महिन्यांत अशुभ कसे झाले?

आईने वाद घातला नाही. तिने दागिने केले आणि शेजारच्या काकूंबरोबर, काकूंनीच केले असं सांगून, पाठवले. काकूंनी माझ्या कानात आईचा निरोप सांगितला, "गप्प राहा, तुला माझी शपथ आहे."

हळदीकुंकवाला बायका माझ्याभोवती जमल्या. "अगंबाई, काटा बघा कसा फुललाय!" सासूबाईंनी काकूंची ओटी भरली. काकूंनी मान वर केली नाही. मी हसत राहिले.

करीदिन टळल्यावर दागिने डब्यात घालून मी कोपरीला गेले. आईने स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं.

"घाल बघू. मला कुठे बघायला मिळाले?"

मग तिनेच एकेक घातला. बांगड्या, बाजूबंद, तनमणी. "ह्यांनी बघायला हवं होतं गं," ती म्हणाली आणि मला रडू फुटलं. डब्यात मंगळसूत्र तेवढं उरलं, तशी ती थांबली. ते ओवायलाही तिने काकूंना बोलावलं होतं.

"तू बांध, आई."

मी तिच्याकडे पाठ करून उभी राहिले. बराच वेळ उभी राहिले. तिने ते उचललं नाही. शेवटी मीच ते घेतलं आणि मानेमागे हात नेऊन गाठ मारायला लागले. गाठीत केस अडकू नयेत म्हणून आईने माझी वेणी तेवढी बाजूला धरली.