रक्तातली सूज

दवाखान्यात सगळे त्यांना सुईताई म्हणत. बावीस वर्षं रक्त काढून बोटं अशी तयार झाली होती, की गुबगुबीत हातातली लपलेली शीरही त्यांना चाचपून बरोबर सापडायची. वैताग रक्ताचा नव्हता, माणसांचा होता.

त्या वर्षी मोठ्या डॉक्टरांनी जादा वजनाच्या साठ मुलामुलींची तपासणी हाती घेतली. अंगावर चरबी चढली की आतल्या आत बारीक सूज राहते. तिची खूण रक्तात दिसते, ती मोजायची होती. "उपाशीपोटी या" हे सांगून सुईताईंचा घसा बसला, तरी रोज कोणीतरी बिस्किटं खाऊन यायचं. वर आई म्हणायची, "दोनच खाल्लीत हो."

एक चौदा वर्षांची मुलगी आत्याबरोबर आली. बाकीच्यांचा सुजेचा आकडा तीन-चारच्या आसपास, हिचा अठरा. अहवाल घ्यायला दोघी आल्या, तेव्हा शिकाऊ डॉक्टरीणबाईंनी कागदावरून नजरही न उचलता सांगितलं, "वजन उतरव. दुसरं काय."

"हिच्या तोंडाला कुलूप लावा," आत्या म्हणाली.

बाहेर येऊन मुलगी पाणी प्यायली, तेही मान एका बाजूला कलती करून. सुईताईंनी ते हेरलं.

"आ कर बघू."

मागची दाढ पार किडलेली, हिरडी टम्म फुगलेली.

"कधीपासून दुखतंय?"

"दोन महिने झाले. घरी सांगितलं होतं. आत्या म्हणाली, गोड खातेस, भोग आता."

आत्या पर्समध्ये काहीतरी शोधू लागली.

सुईताई कागद घेऊन तडक मोठ्या डॉक्टरांकडे गेल्या. "साहेब, हा अठरा नुसत्या वजनाचा नाही. दाढेत पू झालाय."

"ताई, तुम्ही रक्त काढा. अर्थ आम्ही लावतो."

"लावा की. पण आधी तिच्या तोंडात बघा."

डॉक्टर कुरकुरत उठले, बघितलं, आणि दातांच्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहिली. दाढ निघाली. दीड महिन्यानं आकडा चारवर आला. असायला हवा त्याहून जास्तच, पण इतरांसारखा. मुलगी आता दोन्ही बाजूंनी चावून जेवत होती, आणि आत्याच्या आधी स्वतःच बोलत होती.

डॉक्टरांनी तपासणीच्या फॉर्ममध्ये एक ओळ वाढवली: दातदुखी, सर्दी, जखम आहे का? पहिल्याच आठवड्यात सुईताईंनी हेच सुचवलं होतं. तेव्हा सगळे हसले होते.

तोवर एकेचाळीस फॉर्म भरून झाले होते. आता त्या एकेचाळीस घरी फोन करून दातांची चौकशी करायची होती. काम कोणाच्या गळ्यात पडलं, ते सांगायला नको.

"हॅलो, दवाखान्यातून बोलतेय," सुईताई म्हणाल्या. "नाही हो, वजनाचं नाही. मुलाचे दात दुखतात का, एवढंच विचारायचंय. दात. द-आ-त."