मडक्यातली खरवड

इंगोले सरांची आणि माझी पहिली भेट झाली ती मूर्तिजापूरजवळच्या आमच्या वांग्याच्या वावरात. वावराला लागूनच रिठ आहे, म्हणजे सात-आठशे वर्षांपूर्वी उठून गेलेल्या गावाची जागा. सर ती खणायला आले होते. बाबांना वाटलं, धन शोधताहेत. सर हसून म्हणाले, "भाऊ, मले सोनं नाही पाह्यजे. या लोकायच्या घरी काय शिजे, ते पाह्यजे." बाबा घरी येऊन म्हणाले, "मानूस भला आहे, पन येडा आहे."

मी बारावी होऊन घरी बसले होते. सरांनी मला खापरं धुवायला बोलावलं. बाबांनी बजावलं, एक जरी तक्रार आली तर काम बंद आणि मला बघायला पाहुण्यांना बोलावणं धाडायचं.

तिसऱ्या दिवशी एका चुलीपाशी अख्खं मडकं निघालं. बाहेरून काजळी, आत बुडाला लागलेलं अन्न. खरकटं भांडं मला बघवतं थोडंच! राख आणि काथ्या घेऊन विहिरीवर बसले आणि चांगलं घासून काढलं. "सर, पाहा, कसं लखलखीत केलं!"

"अगं, काय केलंस हे!" सरांचे सहकारी ओरडलेच. काय शिजलं होतं याचा पुरावा त्या खरवडीतच होता. मला रडूच कोसळलं. बाबा बांधावरून सगळं ऐकत होते.

सर माझ्यासमोर मातीतच बसले. "रडू नोको वं. घासताना काय दिसलं, ते सांग."

"कण्या होत्या सर, ज्वारीच्या. बुडाले लागल्या का अशाच चिकटतात."

सरांनी शब्दन् शब्द लिहून घेतला. मग बाबांना म्हणाले, "भाऊ, चूक माही आहे. धुवायचं सांगतलं, काय धुवू नोको ते सांगतलंच नाही. पोरगी मले उद्याही लागते." पाहुण्यांना बोलावणं काही गेलं नाही.

पुढे अमरावतीला सरांच्याच हाताखाली एम.ए. करताना सरांनी लिहिलेला त्या खोदकामाचा अहवाल वाचला. 'अन्नाचे अवशेष उत्खनन-प्रमुखाच्या दुर्लक्षामुळे नष्ट झाले. मडके स्वच्छ करणाऱ्या मंगला यांच्या निरीक्षणानुसार त्या ज्वारीच्या कण्या असाव्यात. मात्र पुरावा नाही.' प्रमुख म्हणजे सर स्वतःच. मला 'यांच्या' म्हणणारे सर पहिलेच. आणि शेवटचे तीन शब्दही सरांचेच. मायेपोटीसुद्धा त्यांनी खरेपणा सोडला नाही. वाचनालयात बसून मी पुन्हा रडले, या वेळी आनंदानं.

आज मी मुलांना पुरातत्त्व हाच विषय शिकवते आणि सर पंचाहत्तर वर्षांचे झाले आहेत. वाचायला बसले की गॅसवरचं दूध विसरतात. काकू रागावल्या की मला सरांचा फोन येतो, "मंगला, भगुणं करपलं. ये, तुले घासनं मस्त जमते!"

सर, तुम्हाला निरोगी, उदंड आयुष्य लाभो आणि तुमच्या हातून अजून पुष्कळ भगुणी करपोत. मी घासायला येईन. पण आधी आत काय शिजलं होतं ते वहीत लिहीन, मगच राखेला हात लावीन.